संन्याशाचं सुतक

अहो, आज चौथा दिवस. मी तुमचं सुतक धरलं आहे.

संन्याशाचं सुतक नसतं, हे मला आता कुणी शिकवायला नको. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या अंगावर भगवं पांघरलं, त्याच दिवशी तुमच्या थोरल्या भावाने, अण्णांनी, मला सगळे नियम ऐकवले होते. संन्यास घेतला की माणूस घरच्यांना मेला. तो दुसऱ्यांदा मरत नाही. म्हणून रडायचं नाही, विटाळ मानायचा नाही, दहावं-तेरावं काही नाही. तुम्ही गेलात त्या सकाळी देवळातून निरोप आला तेव्हा जाऊबाई सांबारासाठी चिंच कोळत होत्या. त्यांनी हात धुतले, देवळाच्या दिशेने एक नमस्कार केला आणि परत चिंच कोळायला बसल्या. त्यांचं काही चुकलं नाही.

मी उठले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. मागच्या खोलीत चटई टाकली. देवाला शिवत नाही, चुलीकडे जात नाही. आपली सरू त्रिचीहून आली आहे. ती ताट दारातून आत सरकवते आणि काही विचारत नाही. पोर तुमच्यावर गेली आहे. तिच्याच शाळेच्या एका उरलेल्या वहीत मी हे लिहिते आहे. तुम्हाला सांगायचं राहिलं, आणि दुसरं कुणी ऐकून घेणारं नाही.

तुम्हाला मिठात बसवलं म्हणे. वेळचेरीच्या तळ्यापलीकडे कुणा भक्ताची जागा आहे, तिथे खड्डा घेऊन, मांडी घालून, गळ्यापर्यंत मीठ आणि विभूती भरली. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी गेले नाही. जन्मभर आमटीत मीठ जास्त झालं की तोंड वेडंवाकडं करणारा माणूस! मला हसू आलं हो. हसता हसता मग ते दुसरंच काहीतरी झालं आणि मी तोंडात पदर कोंबला. रडायला बंदी आहे ना.

मी मिरजेची. वडील रेल्वेत, त्यांची बदली मद्रासला झाली आणि तंजावरच्या एका मराठी घराण्यातला मुलगा त्यांना सापडला. तुमचं कुळ राजांच्या काळात इकडे उतरलेलं. घरात मराठी बोलायचात, पण कसलं ते मराठी! लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही मला म्हणालात, "कसाला हसतेस?" आणि मी आणखीच हसत सुटले. "कसाला नव्हे, कशाला," मी म्हटलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आमचं जुनं आहे. तुमचं तिकडे बिघडलं." वर माझीच शिकवणी घेतलीत. मांबलमच्या बाजारातून चालताना दुकानांच्या पाट्या बोट दाखवून वाचून घ्यायचात, तेवढ्यावर मी तमिळ शिकले. आज या गावात मी कुणाशी चार शब्द बोलू शकते ते तुमच्यामुळे. तेव्हा कधी म्हटलं नाही, आता म्हणते.

संध्याकाळी जॉर्ज टाउनच्या कचेरीतून लोकलने यायचात, सदरा खुंटीला लावायचात आणि तिण्णैवर, त्या दारापुढच्या ओट्यावर, पोथी घेऊन बसायचात. मी देह नाही, मी मन नाही, मी बुद्धी नाही. मग मी कोण? रोज तोच पाढा. मी काप्पी घेऊन उभी.

"देह नाही, मन नाही, तर ही काप्पी कुणाला देऊ?"

"ठेव तिथे. जो कुणी असेल तो पिईल."

"गार झाली तर त्यानेच गरम करून घ्यावी."

की लगेच देह बरोबर उठून पेला उचलायचा. मला तुमचा तो मार्ग कळला नाही असं नाही. कोरडा वाटायचा. मला आपली माझी देवाची मूर्ती बरी, तिला फूल वाहता येतं, भांडता येतं. तुम्ही म्हणायचात, "तू देवाला बाहेर शोधतेस." मी म्हणायचे, "आणि तुम्ही आत बसून घरातली माणसं विसरता." हा वाद आपला कधी मिटलाच नाही. वीस वर्षं दोघांनाही तो मिटवायची घाई नव्हती.

एका गोष्टीत मात्र तुमचं मत पक्कं होतं, आणि त्यापायीच मला आज चार दिवस झोप नाही. तुमचे चुलते कुंभकोणमला शेवटच्या घटकेला आतुरसंन्यास घेऊन गेले. मरणाऱ्या माणसाने 'संन्यस्तं मया', मी सगळं सोडलं, असं तीनदा म्हणायचं, शेंडी-जानवं उतरवायचं, भगवं पांघरायचं. मग पुन्हा जन्म नाही. घरातले सगळे धन्य धन्य म्हणत होते. तुम्ही परतताना गाडीत मला म्हणालात, "हे कसलं सोडणं? हातातून सगळं सुटतच होतं, त्याला सोडलं म्हणायचं? ज्याला जायचंय त्याने धडधाकट असताना, जागेपणी, स्वतःच्या पायांनी जावं. मला असलं काही करू देऊ नकोस." मी हो म्हटलं. समोर सरू होती, मांडीवर मुरुक्कूच्या चकल्यांचा डबा घेऊन. तिलाही आठवतं.

मग ट्राम बंद झाली त्या वर्षी तुम्हाला टायफॉईड झाला. एकविसाव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी अण्णांना बाहेर नेलं आणि सांगितलं, संध्याकाळ होणार नाही. दुपारी वाद्यार, आपले भटजी, येऊन बसले. मी तांदळाची कांजी घेऊन खोलीच्या दाराशी आले होते. पातेलं तापलेलं, म्हणून पदराने धरलेलं. अण्णा समोर आले.

"बायकोची संमती लागते," ते म्हणाले. "तू मान हलव."

"त्यांना हे नको होतं भावोजी. त्यांनी मला सांगितलंय."

"शुद्धीत असता तर घेतला असता. अत्ता वेळ नाही. तुझ्या कुंकवापायी त्याला आणखी एका जन्मात अडकवणार का? बोल."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हेही सांगायला हवं. ते दुष्ट नव्हते. धाकटा भाऊ डोळ्यांसमोर जात होता आणि त्यांच्या हाती देण्यासारखं तेवढंच उरलं होतं. वाद्यार माझ्याकडे बघत होते, जाऊबाई बघत होत्या, शेजारच्या कामाक्षी मामी खिडकीतून बघत होत्या. मी म्हटलं, हा माणूस तासाभरात जाणार. मग माझं एक 'नाही' जन्मभर माझ्या उरावर बसेल. मी मान हलवली.

वाद्यारांनी तुमच्या कानात ते शब्द सांगितले. एकदा, दोनदा, तीनदा. मी तुमच्या ओठांकडे बघत होते. अहो, ओठ हलले नाहीत. एकदाही नाही. पापणीसुद्धा नाही. वाद्यारांनी अण्णांकडे पाहिलं आणि अण्णा म्हणाले, "मनात म्हटलं. मी पाहिलं." मग कात्री चालली.

आणि तुम्ही गेला नाहीत. चौथ्या दिवशी ताप उतरला. आठव्या दिवशी तुम्ही डोळे उघडून डोक्यावरून हात फिरवलात आणि अंगावरच्या कपड्याकडे पाहिलंत. आनंदाने नाचावं असा दिवस, आणि घरात सुतकासारखी शांतता. परत घरात घ्यावं तर संन्यास मोडलेला माणूस, आरूढपतित. त्याच्या हातचं पाणी कुणी पीत नाही, त्याच्या मुलीला कुणी करून घेत नाही. मला त्या खोलीत जायची मनाई झाली. दोन महिन्यांनी तुमच्या हाती रीतसर संन्याशाचा दंड दिला. फिरता संन्यासी व्हायचं तर तापाने तुमचा एक पाय कायमचा लुळावलेला. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळामागची खोली तुम्हाला मिळाली. काशी नाही, हिमालय नाही. घरापासून इतकं जवळ, की वारा तिकडून असला तर देवळाची घंटा मला स्वयंपाकघरात ऐकू यायची.

नऊ वर्षं मी कोण होते, सांगा. तुमचा तो आवडता प्रश्न आहे ना? तुम्हाला त्यातून काय मिळालं ते तुम्हाला माहीत. मला त्या प्रश्नात कोंडून ठेवलं होतं. नवरा घरच्यांना मेलेला, म्हणून सवाष्णीच्या ओटीला मला बोलवायचं की नाही कुणाला ठरवता येईना. नवरा दोन गल्ल्यांपलीकडे जिवंत, म्हणून कुंकू पुसायचं तर कसं? हळदीकुंकवाला मी गेले की बाया करंडा हातात घेऊन एकमेकींकडे बघायच्या. मग मीच जायची बंद झाले. मंगळसूत्र पदराखाली ठेवायला शिकले. माझी देवाची मूर्तीसुद्धा गप्प झाली. तिच्याशी भांडायला बसले की वाटायचं, हिला तरी काय ठाऊक.

तुम्हाला आपल्या घरची भिक्षा चालत नव्हती. कामाक्षी मामींची चालायची. मामींनी पहिल्याच वर्षी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "अम्मा, मंगळवारी माझे गुडघे दुखतात. तू येऊन रांधून जा. मी काही पाहिलं नाही." मामींचे गुडघे नऊ वर्षं फक्त मंगळवारी दुखले. मी मिरजेची आमटी करायचे, गोडा मसाला घालून. एकदा मामी पान उचलायला गेल्या तर तुम्ही म्हणालात, "मंगळवारी मीठ जास्त असतं." मामी घाबरून गेल्या, म्हणाल्या सामी, उद्यापासून बघते. तुम्ही म्हणालात, "नको. राहू दे तसंच." मामींनी मला हे येऊन सांगितलं. त्या मंगळवारानंतर मी मुद्दाम चिमूटभर जास्त टाकत गेले. पान दर वेळी पुसून घेतल्यासारखं परत यायचं. या एका गोष्टीसाठी मी तुमचे किती उपकार मानले आहेत ते तुम्हाला कळलं नसेल.

लोक तुमच्याकडे यायला लागले. कुणी शाळामास्तर, कुणी कचेरीतला कारकून. संसाराला कंटाळलो, मार्ग दाखवा, असं म्हणत यायचे आणि तुम्ही सगळ्यांना एकच सांगायचात, घर सोडू नका. मामी कौतुकाने म्हणायच्या, "सामींना शिष्य नको आहेत, केवढं वैराग्य!" मी मान डोलवायचे. मनात म्हणायचे, स्वतः मात्र मिळालं ते धरून बसले आहेत. तुम्ही सुखी आहात असं मी ठरवूनच टाकलं होतं. तुम्हाला हवी होती ती शांत खोली मिळाली, पोथ्या मिळाल्या, सदरा खुंटीला लावायची कटकट नाही. चुकून का होईना, तुमच्या मनासारखं झालं. हे असं धरलं की मला रात्री जरा बरं वाटायचं. आणि तुमचा रागही यायचा, तोही सोयीचा होता.

सरूच्या लग्नाला अकरा दिवस उरले होते, तेव्हाची सकाळ. मी प्रदक्षिणेला आले होते. तुम्ही मागच्या दगडावर पाय पसरून तेल चोळत बसला होतात. आजूबाजूला कुणी नव्हतं. सहा वर्षांत तुम्ही मला गर्दीत दोन-चारदा आशीर्वाद दिला असेल, सगळ्या बायकांना म्हणता तसं, "अम्मा, सुखी राहा." दर वेळी ते 'अम्मा' ऐकून माझ्या अंगाची आग व्हायची. त्या सकाळी तुम्ही मान वर न करता म्हणालात, "अगं."

माझे पाय तिथेच थांबले.

"अगं, मी ते म्हटलं होतं का? तू दाराशी होतीस. हातात कांजीचं पातेलं होतं, पदराने धरलेलं. तू सांग. मी ते तीनदा म्हटलं होतं का?"

मला सरूचं होणारं सासर दिसत होतं. मुलीचे वडील स्वामी आहेत, हे ते लोक येईल त्याला सांगत होते. मला अण्णांचं तोंड दिसत होतं. तुम्ही भगवं उतरवून आमच्या दारात उभे आहात आणि गल्लीत एकही दार उघडं नाही, असं दिसत होतं. आणि खरं सांगू? सहा वर्षांचा राग पण होता. आत्ता आठवलं का विचारायला?

"हो," मी म्हटलं. "तीनदा. स्पष्ट."

तुम्ही तेलाचा हात पंच्याला पुसलात. "बरं," म्हणालात. आणि मग, "अम्मा, सुखी राहा."

त्यानंतर तीन वर्षांत तुम्ही मला काही विचारलं नाहीत.

तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की बिचाऱ्याला काही आठवत नव्हतं, म्हणून विचारलं. मी चांगलंच केलं, त्यांच्या जिवाला स्वस्थता दिली. परवा मी या चटईवर पडलेली असताना सरूने दारातून कांजीचं भांडं आत सरकवलं. तापलेलं होतं, म्हणून तिने ते पदराने धरलं होतं. मी ताडकन उठून बसले. अहो, तुम्हाला ते पातेलं आठवत होतं! पदरसुद्धा आठवत होता. ज्याला पदर आठवतो त्याला आपण काय म्हटलं आणि काय नाही, हे आठवणार नाही होय? तुम्ही त्या दुपारी सगळं बघत होतात. ओठ हलवायची ताकद नव्हती एवढंच. मला मान हलवताना तुम्ही पाहिलंत. आणि मग सहा वर्षं, एका भिंतीआड, त्याच एका गोष्टीचा विचार करत बसलात, की हिला मी जायला हवा होतो का?

तुम्हाला उत्तर माहीत होतं. तुम्ही माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं, आणि मी ते लावून घेतलं. आणि तुम्ही 'बरं' म्हणालात! एवढं कसं हो ऐकलंत माझं? वीस वर्षांत एक वाद मला जिंकू दिला नाहीत, आणि नेमका हा दिलात.

तेव्हाच मी ठरवलं की हे सुतक लपवायचं नाही. काल अण्णा दाराशी आले. ऐंशीला टेकलेत, काठी घेऊन उभे होते.

"असं करूं नको गे. लोक विचारतात. संन्याशाचं सुतक कुणी धरतं का?"

"ते संन्यासी नव्हते भावोजी," मी म्हटलं. "ते बोलले नव्हते. मी ओठांकडे बघत होते. ते माझा नवरा म्हणूनच गेले. नऊ वर्षं मला काहीच होता आलं नाही, आता निदान विधवा तरी होऊ द्या."

जाऊबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. अण्णा काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. पण म्हणाले, "वेळचेरीला समाधीपाशी दरवर्षी आराधना करायचं ठरवताहेत. वर्गणी जमते आहे. अस्कं, सगळंच, आता गावाचं झालंय. तू बोललीस तरी तो तिथून उठून यायचा नाही." आणि गेले. खरंच आहे ते. तुमच्या नावाने नारळ फुटतील, त्या आराधनेला मीही जाईन आणि बायकांच्या रांगेत हात जोडून उभी राहीन. जाणार कुठे मी? दहाव्या दिवशी मंगळसूत्र काढून ठेवीन, मग गल्लीतल्या बायांना निदान माझ्याकडे बघून काय ते ठरवता तरी येईल.

पण आज सकाळचं तुम्हाला सांगते. अण्णांची पूजा तुम्हाला माहीत आहे. ताप असो, पाहुणे असोत, चाळीस वर्षांत एक दिवस चुकली नाही. सात वाजता घंटा. आज सात वाजले, साडेसात झाले, घंटा वाजली नाही. मी खिडकीतून पाहिलं. अण्णा विहिरीवर होते. ओल्या पंच्याने, डोक्यावरून पाणी घेत होते. घागर उचलवत नव्हती तरी घेत होते. मग ओलेत्यानेच तिण्णैवर, तुमच्या जागेवर, जाऊन बसले. देवघराचं दार बंद आहे. जाऊबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "सुतक आहे."

तेवढंच. आता या घरात आम्ही दोघं आहोत सुतकात, आणि सरूला मी हे लिहून झालं की सांगणार आहे, म्हणजे तिघं होऊ.

तुम्हाला जे हवं होतं, ते शेवटी मिळालं का हो? मी कोण, याचं उत्तर? मामी म्हणतात, गेलात तेव्हा चेहरा अगदी शांत होता. असेल. मिळालं असेल तर मला आनंद आहे, आणि ते त्या कपड्याने मिळालं नाही, तुमचं तुम्ही मिळवलंत, हे मला सगळ्यांत आधी माहीत आहे. आणि नसेल मिळालं, तर ते माझ्यामुळे. या दोन्हींमधून माझी काही सुटका नाही, आणि मी आता ती मागतही नाही.

फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं होतं, तेवढं दुरुस्त करून घ्या. नीट ऐका, मी परत सांगते. तुम्ही दगडावर बसला आहात, पायाला तेल लावलं आहे, मी प्रदक्षिणा अर्धी टाकून उभी आहे.

नाही हो. तुम्ही एक अक्षरही बोलला नव्हतात. उठा, माझ्या खांद्यावर हात ठेवा. घरी चला.